स्लॅबचा हुक सोडा, क्रेन आणा

जिप्सीचं १.३ लिटर इंजिन घरच्या गॅरेजमध्ये उतरवून बोअरिंगला (झिजलेले सिलिंडर आतून कातून घ्यायला) पाठवायचं आहे. स्लॅबला पंख्याचा हुक आहे, एक टनाची चेन पुली उसनी मिळतेय, इंजिन उचलायची दोन टनाची, चाकांवरची क्रेन भाड्याने मिळेल. यातलं काय घ्यावं, असा तुमचा प्रश्न.

क्रेन घ्या. चेन पुलीत खोट नाही. एक टनाची धडधाकट पुली हे इंजिन सहज उचलते आणि तिचा ब्रेक भार जिथल्या तिथे धरतो. धोका आहे तो हुकाचा. तो पाच-सहा किलोच्या पंख्यासाठी टाकलेला असतो. सळई आत कशाला बांधलीय, गंजलीय का, हे खालून कळत नाही. त्यात इंजिन कुठे अडकून एकदम सुटलं तर बसणारा गचका वजनापेक्षा कितीतरी जास्त असतो. तीन पाइपांची तिपाई करणार असाल तर तिन्ही पाय खालून साखळीने एकमेकांना बांधा, नाहीतर टाइल्सवर ते फाकतात.

क्रेन आणताना तिथेच तपासा: जॅकच्या दांड्यावर तेल ओघळलंय का, बूमच्या (क्रेनच्या पुढे येणाऱ्या दांड्याच्या) पिनला क्लिप आहे का. बूम जितकी बाहेर काढाल तितकी क्षमता घटते; बहुतेक दोन टनी क्रेनवर शेवटच्या भोकाला ५०० किलोच लिहिलेले असतात. जिप्सीच्या इंजिनाला तेही भरपूर. खरी अडचण पोहोचण्याची आणि चाकांची. ग्रिल आणि रेडिएटर आधीच काढा. एसी असेल तर गॅस मेकॅनिककडून काढून घ्या, पाइप स्वतः उघडू नका. अंगणात पेव्हर ब्लॉक असतील तर तिथे भार ढकलू नका. छोटं चाक फटीत अडकतं, टांगलेलं इंजिन पुढे झोका घेतं आणि क्रेन कलंडते.

सगळ्यात जास्त चुका साखळी बांधताना होतात. दोन टोकांना बांधलेली साखळी आडव्या रेषेशी ६०° कोनात असेल तर प्रत्येक बाजूवर वजनाच्या ५८ टक्के ताण येतो, ४५° ला ७१ टक्के आणि ३०° ला प्रत्येक बाजूवर पूर्ण वजन. म्हणून साखळी आखूड ठेवण्याचा मोह टाळा. मात्र लांब साखळीला वर उंची लागते, ती आधी मोजा. इंजिनला कंपनीचे उचलायचे हुक असतील तर तेच वापरा. नसतील तर ८.८ ग्रेडचे (जास्त मजबुतीचे) बोल्ट घ्या. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं आहे, तेव्हा व्यासाच्या किमान दीडपट आटे आत बसायला हवेत. जाड वॉशर घालून साखळीची कडी हेडला चिकटून आवळा. कडी बोल्टच्या डोक्याकडे लोंबत राहिली की बोल्ट वाकतो आणि आटे उपटतात.

बॅटरी काढा, इंधनाचं प्रेशर सोडा, ऑइल-कूलंट रिकामं करा. गिअरबॉक्स गाडीतच राहू शकतो. त्याखाली जॅक आणि लाकूड द्या. बेलहाउसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचे) बोल्ट काढण्याआधी साखळी नुसती ताणून घ्या, माउंट (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) मात्र शेवटी सोडा. इंजिन सरळ रेषेत पुढे ओढा. त्याचं वजन इनपुट शाफ्टवर (गिअरबॉक्समधून क्लचमध्ये येणाऱ्या दांड्यावर) लोंबलं तर क्लच प्लेटचा हब वाकतो.

दोन-तीन सेंटिमीटर उचलून थांबा आणि गाडीभोवती फिरून बघा. भार कमी झाल्यावर गाडीचं नाक थोडं वर येणारच. पण ते वर येत राहिलं आणि इंजिन माउंटवरून सुटेना, तर काहीतरी जोडलेलं राहिलंय; बहुधा अर्थिंगची पट्टी किंवा मागची एखादी वायर. जोर लावू नका, शोधा. टांगलेल्या इंजिनाखाली हात, पाय, डोकं काही नको, कारण जॅकचं सील सांगून जात नाही.

बाहेर आल्यावर इंजिन जमिनीपासून वीतभरावर आणा आणि मगच क्रेन हलवा. इंजिन ठेवायच्या स्टँडचे चार हात बेलहाउसिंगच्या भोकांत लागतात, त्यामुळे क्लच आणि फ्लायव्हील आधी काढावे लागतात. त्यासाठी इंजिन जुन्या टायरवर टेकवा आणि स्टँडचे चारही बोल्ट आवळून होईपर्यंत साखळी लावलेलीच राहू द्या.