‘सगळा डेटा’ म्हणजे नक्की किती? लग्नाच्या ओरिजिनल फोटोंचा प्रश्न

ताई, तुमचा मेसेज काल रात्री वाचला आणि आज सकाळी कोर्टात जायच्या आधी परत वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. ताई मूळच्या तासगावच्या, आता कराडला दिल्यात. लग्न फेब्रुवारीत सांगलीत एका हॉलमध्ये झालं. फोटो-व्हिडिओचं काम वडिलांनी ठरवलं १,३५,००० ला, त्यातले १,१५,००० दिलेत, २०,००० बाकी आहेत. अल्बम आला, पेनड्राइव्ह आला, त्यात ३५० फोटो. एप्रिलमध्ये ताईंच्या आजी गेल्या. आता फ्रेम करायला फोटो शोधायला बसले तर साडेतीनशेत आजी फक्त चार ठिकाणी, आणि चारही ठिकाणी एडिटिंग करून चेहरा इतका गोरा आणि गुळगुळीत केलाय की कपाळावरचं गोंदणसुद्धा दिसत नाही. फोटोग्राफरकडे ओरिजिनल मागितले तर तो म्हणतो रॉ (म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ, एडिट न केलेल्या फाइल) देत नाही, कॉपीराइट आमचा असतो, पाहिजेच असेल तर ३०,००० वेगळे द्या, आणि तीन महिन्यांनी आम्ही डेटा डिलीट करतो.

आता बघा, सगळ्यात आधी ते तीन महिन्यांचं. कोण बरोबर कोण चूक ते नंतर बघू, फोटो उडाले तर कुठलंही कोर्ट ते परत आणून देऊ शकत नाही, फार तर नुकसानभरपाई मिळेल आणि त्या पैशातून आजींचं गोंदण काही परत येत नाही. म्हणून आजच्या आज वडिलांच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल दोन्हीवर एवढंच लिहा: ‘अमुक तारखेच्या लग्नाचा संपूर्ण ओरिजिनल डेटा आमच्याशी लेखी बोलणं होईपर्यंत डिलीट करू नये, कार्ड आणि हार्ड डिस्क फॉरमॅट करू नये. राहिलेले २०,००० आम्ही द्यायला तयार आहोत.’ शिव्या नको, धमकी नको. तो म्हणाला की आधीच डिलीट झालंय, तर लगेच लिहा की ते कार्ड आणि डिस्क वापरू नका, बाजूला ठेवा. नुसतं डिलीट किंवा फॉरमॅट केलेलं बऱ्याचदा रिकव्हर होतं, त्याच्यावर दुसरं लग्न शूट केलं की अवघड होतं.

वडिलांचा नंबर का म्हणतोय, तर ऑर्डर त्यांनी दिली, पैसे त्यांनी दिले. कॉपीराइटचं कायद्यात नेमकं इथेच अडतं. कॉपीराइट कायदा १९५७, त्याचं कलम १७, त्यातला खंड (बी). एखाद्या माणसाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल तर, उलट काही करार नसेल तर, त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो काम सांगणारा माणूस असतो. कायद्याच्या भाषेत फोटोचा कर्ता फोटोग्राफरच, पण मालक तुमचे वडील. ‘कॉपीराइट आमचा’ हे वाक्य फोटोग्राफर लोक परदेशातले व्हिडिओ बघून बोलतात, तिकडे बऱ्याच देशांत तसं आहेसुद्धा, आपल्याकडे लग्नाच्या ऑर्डरला तसं नाही. आणि याच कारणाने तुमचे फोटो त्याला न विचारता स्वतःच्या इन्स्टावर जाहिरातीला टाकायचाही हक्क नाही, तसं आधी ठरलं असेल तर गोष्ट वेगळी.

पण ताई, इथे मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. कॉपीराइट असणं आणि फाइल हातात मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याने कॅमेऱ्यात काढलेल्या चार हजार फाइल तुम्हाला द्याव्यात असं कलम १७ कुठेच म्हणत नाही, काय काय द्यायचं ते करारावरून ठरतं. आणि करार म्हणजे स्टॅम्प पेपरच पाहिजे असं नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोटेशन, ‘ओके फायनल’ आणि त्याच्या मागोमाग गेलेला अ‍ॅडव्हान्स, एवढ्यात करार झाला.

तुम्ही पाठवलेलं कोटेशन मी मोठं करून वाचलं. त्यात चौथी ओळ आहे, ‘करिझ्मा अल्बम ४० शीट, टीझर, फुल व्हिडिओ व सगळा डेटा पेनड्राइव्हमध्ये’. या ‘सगळा डेटा’वर तुमची केस उभी आहे. तो म्हणणार सगळा म्हणजे एडिट केलेला सगळा, तुम्ही म्हणणार सगळा म्हणजे सगळा. अशा वेळी कोर्ट साधारण असं बघतं की शब्द कुणी लिहिले, आणि ज्याने लिहिले त्यानेच अर्थ गुळमुळीत ठेवला असेल तर तो त्याच्या विरुद्ध लावतात. आणि ‘रॉ डेटा दिला जाणार नाही’ हे कुठे आहे? लग्नानंतर दिलेल्या बिलाच्या मागे, बारीक अक्षरात, रबरी शिक्क्याखाली. व्यवहार ठरून, अ‍ॅडव्हान्स घेऊन, लग्न उरकल्यावर एकाने बिलामागे छापून दिलेली अट दुसऱ्याने मान्य केली असं सहसा धरत नाहीत. तुमची बाजू इथे चांगली आहे. कोटेशनमध्येच ‘रॉ मिळणार नाही’ असं स्पष्ट असतं आणि वडिलांनी ओके म्हटलं असतं तर मी तुम्हाला सरळ सांगितलं असतं की त्याच्याशी पैशाचं बोलून घ्या, भांडू नका.

आता फोटोग्राफरची बाजूही ऐका, कारण माझ्याकडे ते लोकही येतात. रॉ फाइल म्हणजे तयार फोटो नव्हे. तुमच्या मोबाइलवर ती नीट उघडणार पण नाही, उघडली तर फिकी, कळकट दिसते, एकेक फाइल २५-३० एमबी, चार हजार फाइल म्हणजे शंभर जीबीच्या वर. आणि त्याला भीती असते की गिऱ्हाईक त्याच्यावर कुठलातरी फिल्टर मारून स्टुडिओच्या नावाने टाकेल, चार लोक म्हणतील हे असलं काम करतात होय. ही भीती खोटी नाही, आपल्या कामाची मोडतोड होऊन नाव खराब होत असेल तर कर्त्याला कलम ५७ खाली हक्क आहेत, कॉपीराइट दुसऱ्याचा असला तरी. डोळे मिटलेले, हललेले, कुणीतरी तोंडात घास घेतलेले फोटो बाहेर जाऊ नयेत असं त्याला वाटत असेल तर त्यात चूक काय. माझं स्वतःचं मत असं की प्रत्येक लग्नाची प्रत्येक रॉ फाइल द्यायलाच पाहिजे असा नियम नको. पण देणार नसाल तर ते बुकिंगच्या दिवशी तोंडावर सांगा, आणि गिऱ्हाइकाने एखाद्या माणसाचे फोटो न रंगवता मागितले तर द्या. आजीचं गोंदण पुसायला तिने सांगितलं नव्हतं.

म्हणून तुम्ही ‘रॉ द्या’ असं मागू नका. असं मागा: ‘आजी ज्या ज्या फ्रेममध्ये आहेत त्या सगळ्या, एडिट न करता, फुल साइज जेपीईजीमध्ये.’ जेपीईजी म्हणजे मोबाइलवर सहज उघडतो तो साधा फोटो. हे त्याला एका दुपारचं काम आहे. कॉपी करायचे, शोधायचे दोन-तीन हजार त्याने मागितले तर द्या, त्याचाही वेळ जातो. हार्ड डिस्क तुमची घेऊन जा. आणि लिहून द्या की हे फोटो घरात वापरणार, स्टुडिओचं नाव लावून कुठे टाकणार नाही. माझ्या अनुभवात दहातले बरेचसे इथेच मिटतात.

नाही ऐकलं तर १५ दिवसांची लेखी नोटीस, स्पीड पोस्टने, पोच घेऊन, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ठरलेली सेवा पूर्ण न देणं ही सेवेतली त्रुटी आहे. तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे वडिलांच्या नावाने सांगलीत, आणि लाभ घेणारी म्हणून तुमच्या नावाने साताऱ्यातही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण तुमचं घड्याळ दोन वर्षांचं नाही, म्हणून तक्रारीसोबतच कलम ३८(८) खाली अंतरिम अर्ज द्यायचा की निकाल लागेपर्यंत डेटा नष्ट करू नये. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा, कधीकधी तेवढ्यानेही फोन येतो.

तुमचे दीर म्हणतात पोलीस ठाण्यात जाऊ. जाऊ नका, दिवाणी बाब आहे म्हणून परत पाठवतील. भाऊ म्हणतो इन्स्टावर ‘चोर’ म्हणून टाकू, तेही नको, उद्या तोच तुमच्यावर बदनामीचा दावा टाकेल आणि मग मुद्दा फोटोंचा राहणार नाही. कोटेशन, चॅट, बिल, गुगल पेच्या एंट्र्या, सगळं आहे तसं ठेवा. नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नका, वडिलांचा तो फोन बदलू नका की फॉरमॅट करू नका, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (म्हणजे नव्या पुरावा कायद्याच्या) कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट जोडावं लागतं आणि मूळ फोन हातात असला की ते सोपं जातं.

अजून एक. २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा माझ्या एका पक्षकाराच्या घरातला लग्नाचा अल्बम चिखलात गेला, आणि ज्याने काढला त्याचा स्टुडिओ पण पाण्यात, संगणकासकट. त्या माणसाकडे आज वडिलांचा लग्नातला एकही फोटो नाही, पाहुण्यांच्या मोबाइलमधून गोळा केलेले आठ-दहा आहेत. तेव्हा फोटोग्राफरकडे जाताना डिस्क एक नको, दोन न्या. एक तासगावला माहेरी ठेवा, एक कराडला तुमच्याजवळ.