माळ्यावरची बॅग

पत्र सांगलीहून आलंय. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात ‘2005 ला पाणी पायरीशीच थांबलं होतं’ या भरवशावर घरात बसलात आणि शेवटी सासूबाईंना नावेतून काढावं लागलं. तेव्हापासून दर मे महिन्यात, पूर आला तर घेऊन निघायची बॅग भरायला म्हणून खाली काढता, चेन उघडता आणि पुन्हा माळ्यावर टाकता. सासूबाई म्हणतात, ‘अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते.’ ‘ताई, मी भित्री आहे का?’ असं विचारलंय तुम्ही.

भित्र्या नाही आहात. पण सगळा भार सासूबाईंवर टाकू नका. गेल्या मे महिन्यात त्या पंधरा दिवस लेकीकडे होत्या, हे तुम्हीच लिहिलंय. तेव्हा कुणी अडवलं? मला वाटतं, बॅग उघडली की तुम्हाला ती रात्र आठवते, गाळाचा तो वास येतो. मग एका बैठकीत भरूच नका. आज फक्त रेशनकार्ड, आधार, पासबुकं प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि उठा. उद्या टॉर्च. परवा कागदावर सगळ्यांचे फोन नंबर. मोबाइल बंद पडला की पाठ असलेले नंबर किती उरतात, बघा आठवून!

सासूबाईंशी पुराबद्दल बोलूच नका. त्या उन्हाळ्यात सांडगे-पापड घालतात, कडधान्याला एरंडेल चोळून डबे भरतात, ते काय अभद्र असतं? पावसाळ्याची बेगमीच ती. तिच्यातच बॅग बसवा. त्यांच्या बीपीच्या गोळ्यांची जादा पट्टी त्यांच्याच हातून ठेववा आणि दर महिन्याला नवी आणली की बॅगेतली आधी वापरायला काढा.

खरी अडचण पुढेच आहे. बॅग तयार असूनही माणसं निघत नाहीत, ‘अजून थोडं बघू’ म्हणतात. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका, हे तुम्हाला मी काय सांगणार? 2019 मध्ये पाणी 57 च्या वर गेलं, म्हणजे 2005 ची पायरी काही कामाची नव्हती. तुमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा पुलापाशी पाणी किती फुटांवर होतं, ते शेजाऱ्यांना विचारा. त्याच्या बरंच खालचा आकडा घरात सगळ्यांनी मिळून आत्ताच ठरवा आणि कॅलेंडरवर लिहून टाका. तो आला की निघायचं, मग ऊन पडलेलं का असेना. जाणार कुणाकडे, तेही आत्ताच फोन करून सांगून ठेवा.

बॅग माळ्यावर नको, दाराजवळच्या खुंटीला. आणि सासूबाईंची जपमाळ आठवणीनं टाका. ती राहिली तर त्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायच्या नाहीत.