हेअरी सेल ल्युकेमिया वडिलांकडून मुलांकडे येतो का, आणि तो मुळात सुरू कुठे होतो?

आपल्या वडिलांना झालेला हेअरी सेल ल्युकेमिया, म्हणजे हा रक्ताचा कर्करोग, पुढे आपल्यालाही होईल का, आणि तो कशातून उद्भवतो, असे आपण विचारले आहे. विकृतिशास्त्र शिकवताना हे दोन्ही प्रश्न माझ्यापुढे अनेकदा येतात. पहिल्याचे उत्तर दिलासा देणारे आहे. एकाच कुटुंबात दोघांना हा आजार झाल्याच्या नोंदी अगदी तुरळक आहेत, आणि त्यामागचा मुख्य जनुकीय बदल रक्ताच्या पेशीत जन्मानंतर घडतो. बीजपेशींत (शुक्राणू व स्त्रीबीज यांत) तो नसल्यामुळे मुलांकडे जात नाही.

तो बदल २०११ मध्ये इटलीतील पेरूजाच्या संशोधकांनी दाखवून दिला. एका रुग्णाच्या कर्कपेशींतील जनुके वाचताना त्यांना सातव्या गुणसूत्रावरील ब्राफ जनुकात एका अक्षराचा फरक आढळला आणि नंतर तपासलेल्या सर्व ४७ रुग्णांत तोच निघाला. या फरकामुळे प्रथिनातील ६०० व्या जागी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामिक आम्ल येते, आणि एरवी बाहेरून संदेश आल्यावरच जागे होणारे हे प्रथिन पेशीला जगण्याचा व वाढण्याचा आदेश सतत देत राहते. प्रयोगशाळेत औषधाने हा आदेश थांबवला की पेशीवरचे केसांसारखे धागेही झडतात. ज्या खुणेवरून आजाराला नाव मिळाले, तीसुद्धा याच बदलावर पोसलेली असते, हे मला विलक्षण वाटते.

उगमाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. बहुतेक रुग्णांत कर्कपेशीच्या प्रतिपिंड-जनुकांवर प्रौढ स्मृती बी पेशीत (आधी भेटलेल्या जंतूंची आठवण ठेवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीत) दिसणारे फेरफार असतात, म्हणून आजाराची सुरुवात त्याच टप्प्यावर होत असावी असे मानले जाई. परंतु २०१४ मध्ये रुग्णांच्या अस्थिमज्जेतील रक्ताच्या मूळ पेशींतही हाच बदल सापडला. म्हणजे बिघाड मुळाशी झालेला असू शकतो आणि त्याचे परिणाम मात्र बी पेशींच्या फांदीवर उमटतात. शिवाय त्वचेवरच्या निरुपद्रवी तिळांतही हा बदल सापडतो. त्यामुळे तो एकटाच कर्करोगाला पुरेसा आहे, असे मी म्हणणार नाही.

पुढे या पेशी प्लीहेत आणि मज्जेत साठतात व मज्जेत बारीक तंतूंचे जाळे तयार करतात; म्हणूनच सुईने मज्जा ओढताना बहुधा काहीच हाती येत नाही आणि हाडाचा तुकडा तपासावा लागतो. वडिलांच्या अहवालात ‘व्हेरियंट’ (या आजाराशी साम्य असलेला वेगळा प्रकार) हा शब्द असेल, तर ब्राफविषयीचे वरील विवेचन त्यांना लागू पडत नाही, कारण त्या प्रकारात हा बदल नसतो आणि उपचारांना मिळणारा प्रतिसादही वेगळा असतो.