सरकारी दवाखान्यात औषधं मुदत संपून फेकली जातात आणि त्याच वेळी रुग्णाला बाहेरून आणायला सांगतात, हे कसं?

तुम्ही लिहिलंय की खानापूर भागातल्या एका सरकारी दवाखान्याच्या मागे मुदत संपलेल्या औषधांचे खोके पडलेले तुम्ही पाहिले, आणि त्याच आठवड्यात तुमच्या आईला शुगरच्या गोळ्या बाहेरच्या मेडिकलमधून विकत घ्याव्या लागल्या. मग हा पैसा खातं कोण, असा तुमचा थेट प्रश्न आहे.

मी बेळगाव जिल्ह्यात फार्मासिस्ट म्हणून नोकरी केली, आधी निपाणीकडे, मग खानापूर तालुक्यात. औषधांचा साठा माझ्याच ताब्यात असे. चोरी होते का? काही ठिकाणी होते, आणि तिथे शिक्षा व्हायलाच हवी. पण तुम्ही पाहिलेल्या खोक्यांमागे बहुतेक वेळा चोरी नसते. चोरायचं औषध कोणी मुदत संपेपर्यंत कपाटात ठेवत नाही. ते खोके आणि तुमच्या आईच्या हातातली चिठ्ठी ही दोन्ही एकाच दुखण्याची लक्षणं आहेत. औषध आहे, पण ते जिथे आणि जेव्हा लागतं तिथे नाही.

प्रत्येक आरोग्य केंद्राला पुढच्या वर्षासाठी कोणतं औषध किती लागेल याचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, आधीच द्यावा लागतो. त्या आकड्यांवर बेंगळुरूचं कर्नाटक राज्य वैद्यकीय पुरवठा महामंडळ निविदा काढतं, माल जिल्ह्याच्या औषध गोदामात येतो आणि तिथून केंद्रांना मिळतो. मागणी लिहिल्यापासून खोकं दारात येईपर्यंत कित्येक महिने जातात. मधे एखादी निविदा अडली, कंपनीने माल दिला नाही किंवा बॅच तपासणीत नापास झाली, की ती गोळी साऱ्या जिल्ह्यातून गायब होते.

आता इंडेंट भरतात कसा? गेल्या वर्षी किती खपलं ते बघून. समजा मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची गोळी, गेल्या वर्षी चार महिने आलंच नाही. रजिस्टरमध्ये खप कमी दिसतो. तो कमी आकडा पाहून वरून यंदाची मागणी आणखी छाटली जाते. त्या चार महिन्यांत ज्यांनी बाहेरून गोळ्या घेतल्या, त्या माणसांची नोंद कुठेच होत नाही. तुमची आई अशाच बिननोंदीच्या माणसांपैकी असणार.

दुसऱ्या बाजूने, माल वेळेवर येईल याची खात्री नसल्यामुळे फार्मासिस्ट हाताला येईल त्याची बेगमी करून ठेवतो, घाटमाथ्यावरच्या घरात पावसाळ्याआधी करतात तशी. पण तांदळाला मुदतीची तारीख नसते, अँटिबायोटिकला असते. सगळ्यांनीच वाढवून मागितलं की गोदामवाला सगळ्यांचंच कापतो, आणि पुढच्या वर्षी सगळे आणखी वाढवून मागतात. यात कोणी लबाड असायची गरज नाही.

सीमाभागात यात आणखी एक गोष्ट मिसळते, जी बेंगळुरूत किंवा मुंबईत बसून दिसत नाही. औषधाचा हिशोब लोकसंख्येवर होतो आणि माणसं सोयीप्रमाणे दवाखाना गाठतात. चंदगड तालुका महाराष्ट्रात, पण तिथल्या कितीतरी गावांना बेळगाव जवळ. निपाणी कर्नाटकात, पण निपाणीकर मोठ्या आजाराला सहज कोल्हापूर गाठतो. म्हणजे एका केंद्रावर हिशोबात नसलेले रुग्ण येतात आणि दुसरीकडे हिशोबातले येतच नाहीत. शिवाय राज्य बदललं की आधीचे रक्ताचे रिपोर्ट आणि एक्स-रे बाजूला ठेवून सगळं नव्याने करायला सांगतात, हे मी पुष्कळ रुग्णांकडून ऐकलं आहे. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत तातडीचा प्रसंग सोडला तर आधी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपल्या दाव्यातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना जाहीर केली, त्याला कर्नाटकाने विरोध केला. त्या वादात मी इथे शिरत नाही. एकाच आजाराच्या तपासण्या दोनदा होतात आणि दोन्ही वेळचा पैसा जनतेचाच असतो, एवढं मात्र मला दिसतं.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट सर्पदंशावरच्या इंजेक्शनची आहे. खानापूरचा पश्चिम भाग जंगलाचा, भातशेतीचा. विषबाधेची लक्षणं असलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच साधारण ८ ते १० बाटल्या अँटिस्नेक व्हेनम द्यावं लागतं, आणि साप लहान चावला की मोठा यावर ते ठरत नाही. आता दहा केंद्रांना चार-चार बाटल्या वाटल्या तर कागदावर चाळीस बाटल्या दिसतात, पण एकाही केंद्रात एका माणसाचा पहिला डोस पुरा होत नाही. बाटल्या फ्रिजमध्ये पडून जुन्या होतात आणि रुग्णाला गाडीत घालून बेळगावला पळवतात. पुढे मुदत संपली की त्या बाटल्या नासाडीच्या यादीत जातात. खरी नासाडी तर वाटप केलं त्या दिवशीच झालेली असते. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, ते फार बरं केलं. कुठल्या भागात किती दंश होतात हे कळलं तर मोजक्या केंद्रांत पुरेसा साठा आणि ते देऊ शकणारा डॉक्टर ठेवता येईल.

मग एका केंद्रातलं जास्तीचं औषध शेजारच्या केंद्राला का देत नाहीत? देता येतं. साठ्याची नोंद आता संगणकावर असते, तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या मंजुरीने बदली करता येते. पण मुदतीला तीन महिने उरलेला माल कोणाला नको असतो, कारण तो तिथे संपला नाही तर ऑडिटमध्ये जाब त्या केंद्राला विचारला जातो. आणि देणाऱ्याला वाटतं, आज दिलं आणि उद्या इथेच लागलं तर? ‘एवढं औषध मुदतबाह्य कसं झालं’ हे विचारलं जातंच. ‘वेळेत का फिरवलं नाही’ हे मात्र मला कोणी विचारलेलं आठवत नाही. माझ्या मते सगळ्यात कमी खर्चात सुधारणा करता येईल अशी जागा हीच आहे.

काही माल तर न मागता येतो. मोहिमांची औषधं, जंताच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या वरून ठरलेल्या आकड्याने येतात. जंतनाशक दिन १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला असतो. त्याच्या आसपास खोक्यांनी खोली भरते आणि शेजारच्या फळीवर बी.पी.ची गोळी नसते.

फेकलेली प्रत्येक बाटली मात्र नासाडी समजू नका. क्षयरोगावरच्या बी.सी.जी. लशीच्या एका बाटलीत दहा बाळांचा डोस असतो आणि उघडल्यावर ती चार तासांत वापरावी लागते. जांबोटीकडच्या एखाद्या वाडीत लसीकरणाच्या दिवशी एकच बाळ आलं, तरी नर्सबाईंनी बाटली उघडलीच पाहिजे. उरलेले नऊ डोस गेले तरी चालतील. सरकारी नियोजनातही बी.सी.जी.साठी निम्मी नासाडी धरलेली असते. ‘बाळं जमू देत, मग बाटली उघडू’ म्हणून आईला परत पाठवणं ही मोठी चूक, कारण ती बाई दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते. पेंटाव्हॅलंट, टीडी यांसारख्या लसींची उघडलेली बाटली योग्य थंडाव्यात २८ दिवस चालते. तिथे बाटली वाया गेली तर जरूर जाब विचारा. लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. लोक उष्णतेला घाबरतात, पण यातल्या काही लसी गोठल्या तरीही निकामी होतात. कणकुंबीकडे पावसाळ्यात वीज गेली की नर्सबाईंचा जीव टांगणीला लागतो, तो त्या आठ अंशांसाठी.

याउलट कुत्रा चावल्यावरच्या लशीत बचत करता येते आणि ती केलीच पाहिजे. स्नायूत देण्याच्या पद्धतीत एका माणसाला पाच बाटल्या लागतात. त्वचेत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी प्रत्येक वेळी ०.१ मि.ली.ची दोन टोचणी, म्हणजे एकूण ०.८ मि.ली.मध्ये काम होतं. मात्र कालवलेली बाटली सहा ते आठ तासांत संपवावी लागते, म्हणून रोज थोडे तरी रुग्ण येतील अशाच केंद्रात ही सोय परवडते. पहिला डोस कोणत्याही कारणाने लांबवू नये, त्यात बचत बघू नये.

आणखी एक नासाडी कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही. औषध दिलं गेलं, सही झाली, पण पोटात गेलं नाही. गरोदर बाईला १८० लोहाच्या गोळ्या देतात. त्यांनी शौच काळी होते, कधी मळमळतं. हे तिला तिच्या भाषेत कोणी सांगितलं नाही तर ती घाबरून चार दिवसांत बंद करते. पाकिटावर इंग्रजी, चार्टवर कन्नड, आणि समोर मराठीशिवाय काही न बोलणारी खेड्यातली सून किंवा तिची सासू. आमच्याकडे हे काम आशाताई निभावतात. बाळंतिणीच्या घरी गेल्यावर डब्यात न उघडलेल्या पट्ट्या सापडतात, असं त्या सांगत. मी स्वतः पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्यायचो. गोळी जेवणानंतर घ्यायची, चहाबरोबर नाही, एवढं तोंडी सांगायला मिनिटही लागत नाही, पण खिडकीसमोर शंभर माणसांची रांग असली की तेच मिनिट पहिलं कापलं जातं.

आता तुमच्या ‘खातं कोण’कडे येतो. औषध संपलं की केंद्र आपल्या आरोग्य रक्षा समितीच्या, म्हणजे केंद्राच्या स्थानिक समितीच्या, पैशातून जवळच्या दुकानातून खरेदी करतं. निविदेचा दर छापील किमतीच्या कितीतरी खाली असतो. तीच गोळी दुकानातून थोडी-थोडी घेताना सरकार जास्त पैसे मोजतं, किंवा तुमच्या आईला मोजायला लावतं. वैध पावत्यांनिशी इथे पुष्कळ पैसा झिरपतो, आणि कुणाला संगनमत करायचं असेल तर तेही इथेच सोपं जातं.

स्वस्त खरेदीचाही अतिरेक नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयात सिझेरियननंतर बाळंतिणींचे मृत्यू झाले, संशय एका सलाईनवर आला आणि राज्यभर त्या कंपनीच्या सलाईनचा वापर थांबवावा लागला. जे औषध विश्वासाने टोचता येत नाही त्यावर खर्च केलेला प्रत्येक रुपया वाया गेला, आणि त्या घरांचं जे गेलं ते कशानेच भरून येणार नाही.

यंत्रांबद्दल थोडक्यात. यंत्र घ्यायला निधी मिळतो, तंत्रज्ञाच्या पगाराला आणि दुरुस्तीच्या कराराला मिळत नाही. तंत्रज्ञाशिवाय एक्स-रे मशीन म्हणजे कुलूपबंद खोली.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग या खात्याला पैसा द्यायचाच कशाला? मला हे पटत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. पैसा तुटपुंजा आणि अनियमित आला की साठेबाजी वाढते, आणि साठेबाजीतून मुदतबाह्य खोके तयार होतात. खर्च कापल्याने ही नासाडी वाढेल. तमिळनाडूने १९९४ मध्ये वेगळं महामंडळ काढून प्रत्येक दवाखान्याला पासबुक दिलं. त्यात दवाखान्याच्या नावावर ठरावीक रक्कम असते, लागेल तेव्हा लागेल ते औषध गोदामातून उचलायचं आणि तेवढी रक्कम वजा होते. वर्षभराचा अंदाज एकदाच लिहून त्याला बांधून राहावं लागत नाही. आपल्याकडे महामंडळ आहे, गोदामं आहेत, संगणकही आहे. केंद्रातल्या माणसाला तेवढी मोकळीक आणि त्या मोकळिकीचा हिशोब, या दोन गोष्टी हव्यात.

तुम्ही काय करू शकता? माहिती अधिकारात अर्ज टाका. फी १० रुपये आणि बी.पी.एल. असाल तर माफ. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत द्या, म्हणजे भाषेच्या कारणाने परत येणार नाही. मागायचं एवढंच: गेल्या दोन वर्षांत त्या केंद्रात मुदतबाह्य झालेल्या औषधांची यादी, नग, केंद्रात आल्याची तारीख आणि मुदतीची तारीख. शेवटच्या दोन तारखा शेजारी ठेवून बघा. माल आलाच मुदतीच्या तोंडावर असेल तर केंद्रातल्या माणसाला दोष देऊ नका, तक्रार जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे करा. आणि वर्ष-दीड वर्ष पडून राहिला असेल तर प्रश्न तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आरोग्य रक्षा समितीला विचारा.

आईसाठी मात्र अर्जाच्या उत्तराची वाट बघू नका. केंद्रात जाऊन त्यांचं नाव बी.पी.-शुगरच्या एन.सी.डी. (असंसर्गजन्य आजारांच्या) नोंदवहीत आहे का ते पाहा, नसेल तर घालून घ्या. गोळी नसेल त्या दिवशी ‘औषध उपलब्ध नाही’ असं कार्डावर लिहून मागा आणि १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, म्हणजे पुढच्या इंडेंटच्या वेळी त्या गोळ्या कमी पडल्याचा पुरावा हातात राहील. तोवर बाहेरून घ्याव्या लागल्या तरी आईच्या गोळ्यांत खंड पडू देऊ नका.