वाचकांचे प्रश्न : बोट ओढायची, तर गाडी कोणती?

प्रश्न : मी बोरिवलीला राहतो, नोकरी सीप्झमध्ये. रोजचं जाऊन-येऊन ३५ किलोमीटर ड्रायव्हिंग. दिवाळी ते मे, महिन्यातून दोनदा आमची सोळा फुटी फायबरची बोट ट्रेलरवर घालून रेवदंड्याच्या खाडीवर नेतो. आजवर मित्राची गाडी मागून काम भागवलं. आता दोन सेकंडहँड डिझेल गाड्या पाहिल्या आहेत, दोन्ही २०१८ च्या आणि मॅन्युअल. पहिली स्कॉर्पिओ एस-११, टू-व्हील ड्राइव्ह, ७८ हजार किलोमीटर. दुसरी एक्सयूव्ही ५००, ५२ हजार किलोमीटर, दीड लाखाने महाग. एक्सयूव्हीची ताकद जास्त आहे, चालवायलाही ती आवडली. कोणती घ्यावी?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : बोट खरोखरच महिन्यातून दोनदा ओढायची असेल तर स्कॉर्पिओ. मात्र त्याआधी एक विचार करून पाहा. बोट बोरिवलीला परत आणायचीच कशाला? रेवदंड्याच्या आसपास भाड्याने जागा मिळवून ती ट्रेलरसकट तिथेच ठेवली, पावसाळ्यात वर ताडपत्री घातली, तर ओढायचं अंतर धक्क्यापर्यंतचंच उरतं. मग तेवढ्यापुरती स्थानिक गाडी मिळते आणि तुम्ही खुशाल एक्सयूव्ही घेऊ शकता. रोजच्या ३५ किलोमीटरला तीच बरी : मागचं सस्पेन्शन स्वतंत्र, वळणावर झुकणं कमी, चारही चाकांना डिस्क ब्रेक.

बोट घरीच ठेवायची असेल तर पुढचं वाचा.

ताकदीचा मुद्दा आधी बाजूला ठेवू. दोन्हीत २१७९ सीसीचं एमहॉक इंजिन आहे. एस-११ मध्ये १४० अश्वशक्ती आणि ३२० न्यूटन-मीटर, २०१८ च्या नव्या रूपातल्या एक्सयूव्हीत १५५ आणि ३६०. तुमच्या बोटीसाठी दोन्ही आकडे पुरून उरतात. कर्नाळ्याच्या चढावर फार तर एक गिअर खाली टाकावा लागेल. खरी परीक्षा तीन ठिकाणी आहे : हिच (ट्रेलर अडकवायचा गाडीमागचा जोड) कशाला बसते, धक्क्याच्या उतारावर कोणती चाकं पकड घेतात, आणि मागचं ओझं थांबतं कसं.

स्कॉर्पिओची बॉडी वेगळ्या चासीवर बसलेली आहे. दोन लांब पट्ट्या मागपर्यंत येतात, हिचचा ब्रॅकेट थेट त्यांना बोल्टने धरतो. शक्य तिथे आधीचीच भोकं वापरा. नवीन पाडावी लागलीच तर पट्टीच्या उभ्या बाजूला पाडा, वरच्या-खालच्या आडव्या कडांना हात लावू नका. सगळा ताण त्या कडांवर येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे, नट नायलॉक (हादऱ्याने सैल न होणारे), आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क रेंचने आवळलेले. वेल्डिंगवाला “पाच मिनिटांत चिकटवून देतो” म्हणाला तर नमस्कार करून निघा. हिच बसल्यावर खालची स्टेपनी काढता येते का, तेही तिथेच तपासा. नाहीतर वडखळजवळ पंक्चर झाल्यावर कळेल.

एक्सयूव्ही मोनोकॉक आहे, म्हणजे तिला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. तिच्या मागच्या भागात पातळ पत्र्याच्या बंद पेट्या असतात. तिला हिच बसतच नाही असं नाही, पण आत नळ्या आणि बाहेर रुंद प्लेटा घालून ताण पसरवावा लागतो. नुसत्या बंपरच्या आडव्या पट्टीला धरलेला हिच काही महिन्यांत भोकं मोठी करतो. बंपरमध्ये फिरवून घालायचा जो हूक गाडीसोबत येतो, तो बंद पडलेली गाडी खेचण्यापुरता असतो. त्याला ट्रेलर कधीही लावू नये.

आता उतार. ढोबळ हिशोब करू. माणसांसकट गाडी २०५० किलो, बोट-ट्रेलर ८०० किलो, उतार आठास एक. वर यायला साधारण ३६० किलोइतकी ओढ लागते. चढावर वजन मागे सरकतं, हिचच्या बॉलवर (ट्रेलर ज्यावर टेकतो तो गोळा) येणारं वजन मागची बाजू आणखी दाबतं, आणि पुढची चाकं हलकी होतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या एक्सयूव्हीच्या त्या चाकांखाली तेव्हा हजारेक किलो उरतात, तर मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्कॉर्पिओला अकराशेच्या वर मिळतात. ओल्या पण स्वच्छ काँक्रीटवर पकड वजनाच्या निम्मी धरली तर दोन्ही गाड्या आरामात वर येतात. शेवाळ असेल आणि पकड तीन दशांशावर आली, तर एक्सयूव्हीला ३०० आणि स्कॉर्पिओला ३३५. लागणार ३६०. म्हणजे शेवाळावर स्कॉर्पिओही घसरणार, थोडी कमी इतकंच. याच पिढीत फोर-व्हील ड्राइव्ह स्कॉर्पिओही निघाली होती. शोधायला महिनाभर गेला तरी चालेल, ती मिळाली तर ७८ हजार किलोमीटरवाली सोडून द्या.

नाही मिळाली तर भरतीचं वेळापत्रक सांभाळा. शेवाळ धक्क्याच्या खालच्या भागात असतं. भरतीला तो भाग पाण्याखाली जातो आणि गाडीची चाकं वरच्या कोरड्या काँक्रीटवर राहतात. किनाऱ्यावरचा जुना हिशोब कामाला येतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, द्वादशीला नवाच्या. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) भरतीला पाणी तितकं वर चढत नाही, हेही धरून चाला. क्लच अर्धा दाबून उतारावर गाडी तोलून धरू नका. हँडब्रेक लावा, गाडी ओढ घेतेय असं जाणवलं की सोडा. क्लच प्लेट जळते ती हायवेवर कमी, धक्क्यावर जास्त.

तिसरा मुद्दा ब्रेकचा. बोट, आउटबोर्ड (बोटीच्या मागे लावायचं इंजिन), बॅटरी, भरलेली टाकी, नांगर, दोर आणि ट्रेलर हे सगळं ट्रकच्या वजनकाट्यावर एकदा तोलून घ्या. अंदाज नेहमी कमीच निघतो. ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर टी-१ वर्गात येतो, त्यावर साडेतीन टनांपर्यंतचा टी-२ मध्ये. ७५० च्या वर वजन असेल तर ट्रेलरला स्वतःचा ओव्हररन ब्रेक हवाच, असं आमचं स्पष्ट मत आहे. गाडी थांबली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्याच रेट्याने त्याचे ब्रेक लागतात. स्कॉर्पिओला मागे ड्रम आहेत. रिकाम्या गाडीला ते पुरतात, पण मागून ८०० किलो ढकलत असताना पनवेल-पेणच्या रहदारीत ब्रेक तापतात.

बॉलवर एकूण वजनाच्या सुमारे दहा टक्के भार हवा. ८०० किलोच्या ट्रेलरला ८० किलो. घरातला वजनकाटा विटांवर ठेवून, ट्रेलर आडवा समतल धरून, दांड्याचं टोक त्यावर टेकवा आणि मोजा. भार कमी असेल तर ७० च्या वेगाला ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. तसं झालं तर ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. भार जास्त असेल तर बॅटरी आणि इंधनाची टाकी मागे सरकवा. बॉल भरल्या गाडीत जमिनीपासून ३५ ते ४२ सेंटिमीटरवर यावा. परदेशातून आणलेल्या काही ट्रेलरचा कपलर (बॉलवर बसणारी वाटी) दोन इंची असतो आणि इथला बॉल बहुधा ५० मिलिमीटरचा. फरक एक मिलिमीटरही नाही, पण खड्ड्यात तोच खडखडतो, म्हणून जोडी एकाच मापाची घ्या. सुरक्षेच्या दोन साखळ्या दांड्याखाली एकमेकींना ओलांडून लावायच्या. दिव्यांची वायर मागच्या दिव्याला परस्पर जोडू नका, रिले बॉक्स घालून बॅटरीवरून वेगळी लाइन घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. कायद्याने ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी. विमा कंपनीला हिच आणि ट्रेलर दोन्ही लेखी कळवा. गाडीच्या माहितीपुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची मर्यादा छापलेली आहे का बघा. भारतात विकल्या गेलेल्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत ती नसतेच. छापलेली असेल तर तोच आकडा शेवटचा.

त्या ७८ हजारवाल्या स्कॉर्पिओकडे पाहताना इंजिनापेक्षा पोटाखाली जास्त वेळ घालवा. मागच्या चाकांमागे, स्प्रिंगच्या बैठकीपाशी चासी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज ठीक, भद्द आवाज म्हणजे आतून गंज. ताजा काळा रंग फासलेला दिसला तर तो का फासला ते विचारा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पट्ट्यावर गाळाची रेघ आहे का पाहा, सीटच्या रुळांचे बोल्ट पाहा. मुंबईत पाण्यात बुडून निघालेली गाडी तिथे सापडते. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० ला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग तसाच राहिला तर क्लच संपलाय, तेवढे पैसे किमतीतून कापा. दीड लाखाच्या फरकातून क्लच, हिच, वायरिंग आणि चार चांगले टायर निघायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र स्कॉर्पिओच्या विरोधात जाऊ शकते. तुमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग (लिफ्टने गाड्या एकावर एक ठेवायची सोय) असेल तर लिफ्टवरची पाटी वाचा. स्कॉर्पिओची उंची जवळपास दोन मीटर, एक्सयूव्हीची १७८५ मिलिमीटर. गाडी वरच्या कप्प्यात मावली नाही तर बाकी सगळा हिशोब वाया.


प्रश्न : आमच्या बोटीच्या ट्रेलरचे चाकांचे बेअरिंग दर हंगामात जातात. दोनदा कंपनीचे टाकले. चूक कुठे होते?
– वाचक, वसई

उत्तर : बेअरिंग चांगलेच असतील. रस्त्यावरून आल्या आल्या ट्रेलर पाण्यात घालता, तिथे चूक आहे. हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) तापलेला असतो. थंड पाण्यात जाताच आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या कडेने खारं पाणी आत ओढलं जातं. त्या दिवशी काही कळत नाही. दोन आठवडे ट्रेलर उभा राहतो, रोलरवर गंजाचे ठिपके पडतात, आणि पुढच्या फेरीत ते खवले उडायला लागतात.

धक्क्यावर पोहोचल्यावर अर्धा तास थांबा, हब हाताला गार लागला की मगच पाण्यात घाला. दिव्यांचा प्लगही तेव्हाच काढून ठेवा, गरम बल्ब याच कारणाने फुटतात. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी हब उघडून जुनं ग्रीस रॉकेलने पूर्ण काढा, सील दर वेळी नवीन, तेही दुहेरी ओठाचं. ग्रीस पाण्याला टिकणारं घ्या आणि जुन्यात वेगळ्या जातीचं मिसळू नका. काही ग्रीसं एकमेकांत मिसळली की पातळ होऊन गळतात. तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा, दुसऱ्या बाजूने वर येईपर्यंत. गनने बाहेरून भसाभस भरलं तर मागचं सील उचकटतं, मग पाण्याला दारच उघडं.

बसवताना चाक फिरवत नट आवळा, मग सैल सोडून फक्त बोटांनी टेकवा आणि जवळच्या खाचेत कॉटर पिन घाला. चाक हलवल्यावर किंचित खेळ जाणवला पाहिजे. अगदी घट्ट बसलं तर वीस किलोमीटरमध्ये तापेल. निघाल्यावर पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरला थांबून दोन्ही हबना हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर तिथेच थांबा. ग्रीस भरलेला एक तयार हब डिकीत असू द्या.


प्रश्न : दिल्ली पासिंगची डिझेल फॉर्च्युनर इथल्यापेक्षा बरीच स्वस्त मिळते आहे. घ्यावी का?
– वाचक, ठाणे

उत्तर : खर्च जोडून पाहा, मग स्वस्त वाटते का ते ठरवा. मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०, आणि महाराष्ट्रात गाडीच्या वयाप्रमाणे एकरकमी कर पुन्हा. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो हिशोबात धरून सौदा करू नका. बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी इथे ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो. नोंदणीची पंधरा वर्षं मूळ तारखेपासूनच मोजली जातात. एक गोष्ट तिच्या बाजूने : समुद्राच्या हवेत न राहिल्यामुळे अशा गाडीची चासी बहुधा स्वच्छ असते. ई-चलन आणि कर्जाचा बोजा नंबर टाकून तपासा, सर्व्हिसची नोंद चासी नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमध्ये काढून घ्या, आणि ना-हरकत हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका.


प्रश्न : माझी २०२१ ची डिझेल एसयूव्ही आहे. रोज घाटकोपर ते कुर्ला, सात किलोमीटर. डीपीएफचा दिवा सारखा लागतो.
– वाचक, घाटकोपर

उत्तर : एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी ही जाळी असते. काजळी जाळून टाकायला सायलेन्सर पुरेसा तापावा लागतो, आणि सात किलोमीटरच्या रखडपट्टीत तो तापत नाही. आठवड्यातून एकदा रात्री ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे किंवा ईस्टर्न फ्रीवेवर वीस मिनिटं सलग चालवा. वेग ६० च्या पुढे, एक गिअर खालचा, इंजिन २००० फेऱ्यांच्या वर. जाळण्याचं काम चालू असताना गाडी बंद करू नका. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर त्यात डिझेल उतरलंय, ऑइल लगेच बदला. जाळी कापून काढून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागलात तर पीयूसीला आणि विक्रीच्या वेळी अडकाल. आणि रोजचं अंतर सात किलोमीटरच राहणार असेल, तर पुढची गाडी पेट्रोल घ्या.