‘डेटा टाइप’ला जात म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: “लिक्विड या साच्याच्या भाषेवर (वेबपानांचे साचे लिहायची भाषा) मराठीत लिहितो आहे. ‘डेटा टाइप’ला, म्हणजे मूल्य आकडा आहे की मजकूर हे सांगणाऱ्या वर्गाला, काय म्हणू? कुणी ‘आधारसामग्री-प्रकार’ सुचवतं, कुणी ‘विदाजात’. आणि स्ट्रिंगला, म्हणजे अवतरणचिन्हांत लिहिलेल्या अक्षरांच्या ओळीला, ‘अक्षरमाला’ चालेल का?”

‘आधारसामग्री’ आधी बाजूला ठेवा. एका पानात तो शब्द दहादा आला की वाचक पळतो. ‘विदा’ सुटसुटीत आहे, पण इथे त्याचीही गरज नाही. आपण बोलत असतो एकेका मूल्याबद्दल, आणि ‘हे मूल्य कुठल्या प्रकारचं?’ एवढ्यावर काम भागतं.

‘जात’ मात्र झटकन खोडता येत नाही. सामाजिक ओझं आहेच, तरी शाळेत ‘शब्दांच्या जाती’ शिकताना ते कुणाला जाणवत नाही. शिवाय तिथे जात शब्दाला चिकटलेली नसते, वाक्यात ठरते. ‘वर घोड्यावरून उतरला’ यात ‘वर’ नाम, ‘वर बघ’ यात क्रियाविशेषण, ‘झाडावर’ म्हटलं की शब्दयोगी. लिक्विडमध्येही तसंच चालतं असं आधी वाटतं. अवतरणचिन्हांत घातलेला ५ ‘प्लस’ या फिल्टरला (मूल्य घेऊन ते बदलून देणारी सोय) देऊन त्यात ५ मिळवा, १० येतात. शेवटी जोडणाऱ्या ‘अपेंड’ला द्या, ५५ येतात. मूल्य तेच, उपयोगाप्रमाणे वागणूक वेगळी.

पण आता तोच अवतरणातला ५ साध्या ५ शी ताडून बघा. सारखे का? नाही. अवतरणातला १० साध्या ५ पेक्षा मोठा का? उत्तराऐवजी पानावर चूक झाल्याचा संदेश छापून येतो. म्हणजे जात पहिल्यापासून ठरलेलीच होती, ‘प्लस’ने तिकडे काणाडोळा केला इतकंच. म्हणून तर मुरलेली मंडळी तुलना करण्याआधी मूल्यात ‘प्लस’ने शून्य मिळवून घेतात. बेरीज नावापुरती, हेतू स्ट्रिंगचा आकडा करण्याचा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेवर चालणारी जिंजा ही दुसरी साच्याची भाषा काणाडोळाही करत नाही. तिथे अवतरणातल्या ५ मध्ये अधिक चिन्हाने ५ मिळवायला गेलात तर काम थांबतं, आणि तिनाने गुणलंत तर १५ नाही, ५५५ मिळतात. व्याकरणातली जात मनात ठेवून वाचणारा इथे फसेल. सबब माझं मत ‘प्रकार’ला.

वरचे आकडे इंग्रजी लिपीतले धरले आहेत. आपला देवनागरी ‘५’ अवतरणात घालून लिक्विडच्या ‘प्लस’ला दिला, तर रुबी या प्रोग्रामिंग भाषेतल्या लिक्विडला त्यात आकडा दिसतच नाही. ते शून्य धरतं आणि ५ मिळवल्यावर उत्तर ५ च येतं. जिंजाचा, पूर्णांक करून देणारा ‘इंट’ फिल्टर मात्र तोच देवनागरी ५ बिनबोभाट पाच म्हणून घेतो. मराठी संकेतस्थळ करणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

प्रकार चुकला की काय होतं, हे मी स्वतःच्या पानावर पाहिलं आहे. जेकिल या, लिक्विड वापरून संकेतस्थळ बनवणाऱ्या साधनात पानाच्या माथ्यावर, इंग्रजी आकड्यांत, पुण्याचा एसटीडी कोड लिहिला होता, ०२०. अवतरणचिन्हं घालायचा कंटाळा केला. पान उघडलं तर तिथे १६! साच्याच्या ओळी तीनदा तपासल्या, चूक तिथे नव्हतीच. सुरुवातीच्या शून्यामुळे ती संख्या अष्टमान पद्धतीतली (दहाऐवजी आठावर आधारलेली) समजली गेली, आणि अष्टमानातले २० म्हणजे आपले १६. मुंबईचा ०२२ लिहिला असता तर १८ आले असते. जिची कधी बेरीज करायची नाही ती संख्या नव्हेच. फोन, पिनकोड, हजेरी क्रमांक, सगळं अवतरणात.

‘निल’ला, म्हणजे मूल्यच नसण्याला, ‘शून्य’ म्हणू नका. गुणपत्रिका आठवा: शून्य गुण, कोरी उत्तरपत्रिका आणि ‘गैरहजर’ या तीन वेगळ्या गोष्टी. निल म्हणजे गैरहजर. हा फरक ‘इफ’ची (‘जर’ची) अट लिहिताना अंगाशी येतो. लिक्विड फक्त ‘फॉल्स’ आणि निल यांना खोटं मानतं. शून्य आणि कोरी स्ट्रिंग तिथे खरी ठरतात. जिंजात हे सगळेच खोटे. बुलियन (खरं किंवा खोटं एवढंच सांगणारं मूल्य) तसंच ठेवा, जॉर्ज बूल या गणितज्ञाचं नाव आहे ते. ॲरेला ‘यादी’ छान चालतं.

राहिली स्ट्रिंग. ‘अक्षरमाला’ वाचताना ‘वर्णमाला’ आठवते आणि वाचक अ-आ-इ-ईकडे जातो. मला ‘अक्षरसर’ जवळचा वाटतो, मोत्यांचा सर असतो तसा. पण तो मी घडवलेला, लोकांच्या तोंडी नाही. कामाच्या ठिकाणी सगळे ‘ती स्ट्रिंग’ असंच म्हणतात, आणि ॲरे, नंबर पुल्लिंगी असताना ही एकटी स्त्रीलिंगी का, हे मला विचाराल तर दोरीमुळे असावं. लेखात ‘स्ट्रिंग’च लिहा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ सांगा.