उसळ खाल्ली की पोट तट्ट फुगतं

प्रश्न : माझं वय ५४. आम्ही शाकाहारी आहोत, त्यामुळे घरात दिवसाआड मटकी, चवळी, वाल नाहीतर छोले असतातच. दुपारी उसळ खाल्ली की संध्याकाळी पोट तट्ट फुगतं, गुडगुडतं. वायू सरला की बरं वाटतं. उसळी बंद कराव्यात का? रोज रात्री पाण्यात खायचा सोडा घेतला तर चालेल?

उत्तर : उसळी बंद करू नका, तुमच्या घरातली प्रथिनं मुख्यतः तिथूनच येतात. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा असतात. त्या फोडणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसतं. त्यामुळे त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्या आंबवून वायू तयार करतात. म्हणूनच त्रास जेवल्याजेवल्या न होता काही तासांनी होतो.

या साखरा पाण्यात उतरतात. छोले, राजमा, वाल १० ते १२ तास भरपूर पाण्यात भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला आणि भिजवलेलं पाणी ओतून द्या. जीवनसत्त्वं जातील म्हणून त्याच पाण्यात शिजवणं हीच नेहमीची चूक. मटकीला, वालाला मोड आणा. मोड फुटताना बी या साखरा स्वतःसाठी वापरतं. वाल सोलून घ्या. मग दाणा बोटांत सहज चिरडेल इतकं शिजवा. राजमा तर अर्धा कच्चा कधीच खाऊ नये, त्यातल्या लेक्टिन या प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होतात.

पहिले दोन आठवडे अर्धीच वाटी घ्या, तीही दुपारी, आणि हळूहळू वाढवा. मुगापासून सुरुवात केली तर उत्तम, तो बहुतेकांना सोसतो. कांदा-लसणातल्या फ्रुक्टॅन या न पचणाऱ्या कर्बोदकानेही वायू होतो. फ्रुक्टॅन तेलात उतरत नाही, म्हणून लसूण फोडणीत परतून काढून टाकला तरी स्वाद राहतो. उसळीसोबत दूध पीत असाल तर आठवडाभर थांबवून पाहा.

सोडा रोज नको. जठरातल्या आम्लाशी मिळून तो स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडतो, शिवाय सोडियम वाढतं. रक्तदाब असेल तर ते वाईटच. मोठ्या आतड्यातल्या वायूवर त्याचा उपयोग नाही. त्यापेक्षा जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाला. फुगलंच तर उताणं झोपून गुडघे पोटाशी घ्या, अर्धा चमचा ओवा चावून कोमट पाणी प्या. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते सुधारा, कारण मळ अडला की वायूही अडतो.

वजन घटणं, शौचातून रक्त, किंवा दोन-तीन आठवडे रोजच पोट फुगलेलं राहणं (पन्नाशीनंतर स्त्रियांत हे अंडाशयाच्या कर्करोगाचंही लक्षण असू शकतं) यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवाच. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा हातात कळ असेल तर ‘गॅस असेल’ म्हणून ओवा चावत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा.